दहावं वाक्य

आमच्या ह्यांचा आवाज बिघडला तेव्हा मी सरळ समजले, की ह्यांनी अबोला धरलाय आणि वर आजाराचं सोंग घेतलंय. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. ह्यांची रुसायची पद्धत मला पाठ होती. रागावले की पाठ फिरवून माडांना पाणी लावायला जायचे आणि दोन दिवस नुसत्या हुंकारांवर भागवायचे.

त्याच्या महिनाभर आधी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. किनाऱ्याला लागून आमचं घर, आणि मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी दोन खोल्या. त्यातली समुद्राकडची खोली ह्यांनी मला न विचारता धाकट्या दिरांना देऊन टाकली. नोकरी संपवून दीर मुंबईहून कायमचे गावी येणार, हे मला कळलं ते जावेच्या फोनवरून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडवीत उभी राहून मी म्हटलं, "तुमचो आवाजसुद्धा माका ऐकूचो नाय." म्हटलं आणि आमटीला फोडणी द्यायला आत गेले. भांडणात माणूस अशी चार वाक्यं बोलतोच.

मग तो आवाज खरंच अडकायला लागला. शब्द निघायचा, मधेच कोणी गळा आवळल्यासारखा तुटायचा, पुन्हा निघायचा. फोनवर तर सगळ्यात वाईट. खोली रिकामी आहे का विचारायला कोणाचा फोन आला, की ह्यांचा "हॅलो" पुरा होईपर्यंत समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा. पुण्याच्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, "काका रडतायत का हो?" मी म्हटलं, "नाही, सर्दी झालीय." तेव्हापासून फोन माझ्याकडे आले. आधीच चादरी, मासे, नाश्ता, त्यात ही भर. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, मालवणातले दोन डॉक्टर झाले. घसा स्वच्छ आहे म्हणाले. कुजबुजले तर ह्यांचं स्पष्ट ऐकू यायचं. हसले तर पूर्वीसारखंच गडगडून हसायचे. मग बोलायलाच काय धाड भरली होती, हा माझा सवाल होता.

त्या वर्षीच्या चवथीने माझी खात्रीच करून टाकली. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय गणपती बसत नाही. घरातला मोठा पुरुष हात जोडून उभा राहतो, घरादाराचं सगळं सांगणं देवाला एका संथ, वरखाली होणाऱ्या सुरात सांगतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. ह्यांना जमणार नाही म्हणून दीर तयारीत उभे होते. पण हे पुढे झाले. "बा गणपती म्हाराजा, आज जी काय वेडीवाकडी सेवा लेकरांनी तुझ्या पायाकडे केल्यानी..." आवाज कसा? अखंड, भरलेला, लग्नात पहिल्यांदा ऐकला होता तसा. कुठे एक तडा नाही. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. देवाने आवाज परत दिला म्हणाल्या.

आरती झाली, मी मोदकांचं ताट फिरवत ह्यांच्यापुढे गेले. हे म्हणाले, "मा... का... ए... कच." पुन्हा तेच तुटणं. मी ताट असं आपटलं की दोन मोदक जमिनीवर गेले. देवाशी बोलता येतं, बायकोशी येत नाही. आणखी काय पुरावा हवा होता मला?

दिरांनी आग्रह केला म्हणून आम्ही गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात जाऊन मेंदूचा फोटो काढून घेतला. हे अर्धा तास त्या नळकांड्यात निपचित पडून आले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळाला. मेंदूत काही दोष आढळला नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. परतीच्या बसमध्ये ते मोठं पाकीट मी मांडीवर उभं धरून बसले होते. गोव्याची हद्द ओलांडून बांदा मागे पडल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "मेंदू बरो आसा तुमचो. आता नाटकां बंद करा."

हे माझ्याकडे वळले. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मानेच्या शिरा तटतटल्या, तोंडातून निघाला तो दाबलेला, रडका, तुकड्या-तुकड्यांचा सूर. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मला लाज वाटली. ह्यांची नाही, माझी स्वतःची, लोक काय म्हणतील त्याची. मी खिडकीबाहेर बघू लागले.

त्या दिवसापासून हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रागाने म्हणाल तर तसं काही दिसत नव्हतं. नारळ सोलून द्यायचे, गरम पाण्याची बादली नेऊन ठेवायचे, माझ्या गोळ्या संपत आल्या की आणून ठेवायचे. फक्त जे सांगायचं ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या मागे लिहायचे. "गॅस संपला." "दोन नंबरला टॉवेल." "भावोजी आले होते." अक्षर सुरेख. पुढच्या चवथीला ह्यांनी दिरांना हाताने खूण करून गाऱ्हाण्यासाठी पुढे केलं. मला वाटायचं, बघू कोण थकतं आधी. खरं सांगते, दीड-दोन वर्षं मला असंच वाटत होतं. त्या घरात किती शांत होतं, ते आता आठवलं की मला भीती वाटते.

मग ह्यांचा खोकला राहीना म्हणून घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा आत सोडला आणि आकडे मोजायला सांगितले. समोरच्या पडद्यावर घशातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. कुजबुजून मोजले तेव्हा त्या सैल, उघड्या होत्या. मोठ्याने मोजायला लागल्यावर अशा गच्च आवळल्या, की मी पदर तोंडावर धरला. बाई म्हणाल्या, "हा डिस्टोनिया आहे, मेंदू स्नायूंना नको तेव्हा आवळतो. मध्यम वयात येतो आणि एखाद्याच कामापुरता येतो. कोणाचा हात लिहितानाच वाकडा होतो, जेवताना सरळ असतो. ह्यांचा गळा बोलतानाच आवळतो."

"आणि गाऱ्हाणं?" मी विचारलं. "ते तर धडधडीत म्हणाले होते."

"सुरात म्हटलेलं पुष्कळदा सुटतं. मेंदू ते वेगळंच काम समजतो."

"पण मेंदूचा फोटो चांगला आला होता."

"साध्या फोटोत रस्ता दिसतो हो. वाहतूक कुठे तुंबलीय ते नाही दिसत."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बाई पुढे सांगत होत्या, की घशात सुई देऊन काही महिने आवाज मोकळा करता येतो. पण त्याआधी मुंबईत जायची तयारी असेल तर तिथे बोलता-बोलता मेंदूची चित्रं घेतात, अशा रोग्यांचा अभ्यास चालला आहे. ह्यांनी ताबडतोब मान डोलावली. मलाही जायचं होतं. त्या चित्रात मेंदूवर कुठे डाग असेल, तर तो मला डोळ्यांनी बघायचा होता. दोन वर्षं मी ह्या माणसाला खोटं ठरवलं होतं. माफी मागायची तर कशाबद्दल, ते एकदा नीट दिसावं असं वाटत होतं. आणि खरं म्हणजे, माफी मागायला माझी जीभ रेटत नव्हती. डाग दाखवला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी तेही ठेवलं नाही. माणूस भला होता, पण सरळ म्हणाला, "एकट्याच्या चित्रावरून काही सांगता येत नाही. अशा बऱ्याच जणांची चित्रं एकत्र करून निरोगी माणसांशी ताडून बघितली, तर थोडा फरक दिसतो."

"मग ह्यांचं चित्र मला दाखवलंत तर?"

"दाखवेन की. त्यात तुम्हाला काही दिसणार नाही."

म्हणजे जन्मभर कागदावर काही येणार नव्हतं. मी ह्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर नुसताच ठेवायचा होता.

डॉक्टरांच्या हाताखालची मुलगी एक फॉर्म घेऊन आली. म्हणाली, "यंत्रात त्यांच्यापुढे वाक्यं दाखवू, ती त्यांनी वाचायची. पुस्तकी नकोत. ते तुमच्याशी घरात रोज बोलतात ती दहा वाक्यं लिहून द्या, त्यांच्याच भाषेत."

मी बाकावर पेन घेऊन बसले. रोज बोलतात ती वाक्यं. हे समोरच्या खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होते. दोन वर्षांमागे जाऊन मला एकेक वाक्य शोधून आणावं लागलं. "चाय ठेवलंस काय?" "माझो चष्मो खंय आसा?" "पंप बंद कर गो." "बांगडे इले काय बाजारात?" "पाहुणे कधी येतले?" "दार लावून घे." "पाठ दुखता, तेल लाव जरा." "जरा बस गो, काम खंय पळता काय?" "तू जेवलंस?" नऊ झाली. दहावं काही केल्या आठवेना. मुलगी दोनदा डोकावून गेली. मग मी लिहिलं, "जावंदे गो, झालां तां झालां." हे असं ह्यांनी कधीच म्हटलेलं नव्हतं. मी लिहिलं आणि फॉर्म पटकन देऊन टाकला.

काचेपलीकडे हे यंत्रात आडवे होते, डोकं गाद्यांनी आवळलेलं. त्या मुलीला मालवणी कळत नव्हती, म्हणून तिने मला आपल्या शेजारी बसवलं. वाक्य पुरं झालं की समोरच्या कागदावर खूण करायची, एवढंच काम. यंत्र ठकठकाट करायचं, मग काही क्षण थांबायचं, आणि त्या शांततेत ह्यांनी बोलायचं.

पहिलंच आलं. "तू... जे... व... लंस?" भिंतीवरच्या स्पीकरमधून. फाटका, ओढलेला आवाज. मी खूण केली. कागद मला नीट दिसेना. दोन वर्षांनी मला कोणी विचारत होतं जेवलंस का म्हणून, आणि विचारणारा माणूस एका यंत्राला विचारत होता. "चा... य ठे... वलंस काय?" खूण. "ज... रा बस गो..." खूण. प्रत्येक वाक्याला घाम गाळत होते, पण एकही सोडलं नाही.

दहावं आलं तेव्हा स्पीकर गप्प राहिला. यंत्र पुन्हा ठकठकायला लागलं.

वाक्यांचा क्रम बदलून असं चार वेळा करायचं होतं. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीतही नऊ आली, दहाव्याला काही नाही. मुलगी म्हणाली, "हे त्यांना अवघड जातंय का?" मी मान हलवली. तिने ती हो समजून घेतली की नाही, कोण जाणे.

चौथ्या फेरीत ते वाक्य अगदी शेवटी आलं. यंत्र थांबलं. मी पेन टेकवून बसले होते. मग स्पीकरमधून आवाज आला, "ह्यां... मा... झां... न्हय."

मुलीने चमकून माझ्याकडे बघितलं. "कागदावर असं नाहीये. काय म्हणाले?"

मी तिला तिच्या मराठीत सांगितलं, "हे वाक्य माझं नाही, म्हणतात."

"मग कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.