पोचले एकदाचे

समोरच्या टॉवरमधले मराठी काका संध्याकाळी गच्चीवरून दुर्बिणीने लोकांच्या खिडक्यांत बघतात, अशी तक्रार आली. गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मी; तणतणतच वर गेले.

"थांबा हं, आलं!" म्हणत काकांनी डोळा न काढता कॅमेरा जोडलेली जड दुर्बीण हातांनीच सरसर फिरवली. आकाशातून एक ठिपका धावत गेला. मग लॅपटॉपवरच्या शेकडो पुसट फोटोंतून त्यांनी एक निवडला: पंख पसरलेलं अंतराळस्थानक, आणि त्याला चिकटलेलं, अंतराळवीरांना घेऊन परवा निघालेलं यान.

"पोचले एकदाचे," काकांनी सुस्कारा सोडला.

"ओळखीचे आहेत?"

"छे हो! पण माणूस घरातून निघालं, की पोचेपर्यंत चैन नसते."

मलाही हायसं वाटलं. खाली येऊन तक्रारीवर लिहिलं, 'काका खिडक्यांतच बघतात, पण त्या आपल्या सोसायटीतल्या नाहीत.'