आधी डाटा बंद करा

मी लिहावं की नाही, हे मला अजून नीट कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि परीक्षेच्या पेपरशिवाय एवढं लांब कधी लिहिलेलं नाही. काही चुकलं तर माफ करा. पण राग गेला नाही, म्हणून लिहितो. जिच्याबद्दल लिहितो, तिला विचारलं आहे. तिला इथे सुरेखा म्हणतो, खरं नाव वेगळं आहे.

"सिकलसेलवाली कोण हाय रे? समोर या!"

प्रमोदभाऊ काउंटरवरून ओरडले. कुरखेड्यात त्यांचं ऑनलाईन सेंटर आहे. कॉलेज सुटलं की मी तिथे कामाला असायचो. त्या दिवशी बाजार होता. कोणी सातबारा काढायला आलेलं, कोणी आधारचा नंबर बदलायला. समोर कोणीच आलं नाही. भिंतीपाशी एक मुलगी बाबांच्या आड उभी होती, ती अजून मागे सरकली. तिचे कागद मीच घेतले होते, म्हणून मला माहीत होतं, हीच ती सुरेखा.

सिकलसेल हा रक्ताचा आजार. आईवडिलांकडून मुलांत येतो. आमच्या भागात तो बऱ्याच घरांत आहे, पण विचारलं तर एकाही घरात नसतो. पोरीचं लग्न अडतं, म्हणून लोक दडवतात. सुरेखा बारावीला. थंडीत तिचे सांधे दुखतात, बोटं सुजतात, लिहिताना हात थांबतो. अशा मुलांना परीक्षेत जास्तीचा वेळ मिळू शकतो. त्यासाठी दवाखान्याचा रिपोर्ट, प्रमाणपत्र आणि शाळेचं पत्र एकाच पीडीएफमध्ये ऑनलाईन भरायचं होतं.

फोटो म्हणजे सुटी पानं. पीडीएफ म्हणजे तीच पानं क्रमाने टाचलेला गठ्ठा. एवढंच आहे ते.

आमच्याकडे हे काम एका फुकटच्या वेबसाईटवर व्हायचं. फोटो तिथे टाकायचे, ती पीडीएफ करून परत द्यायची. सुरेखाचा अर्ज आधी एकदा तसाच भरला होता. वेबसाईटने प्रत्येक पानावर स्वतःचं नाव आडवं छापलं, अगदी डॉक्टरच्या सहीवरून. अर्ज परत आला. तिच्या बाबांनी, म्हणजे रामजीभाऊंनी, बोर्डाच्या ऑफिसात फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "साफ पीडीएफ पाठवा." कशी करायची विचारलं तर म्हणे, ते आमचं काम नाही. फोन बंद. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सोडून बापलेक पुन्हा आमच्या दारात.

"भाऊ, नाव घेऊन बोलवा नं," मी हळूच म्हणालो.

"नावं पाठ करत बसू का मी? इथी जत्रा भरून राह्यली."

मग त्यांनी दुसरी फुकटची वेबसाईट उघडली. आमचा मॉनिटर गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवलेला. रिपोर्ट मोठा होऊन समोर उभा. रांगेतला शेवटचा माणूसही वाचू शकला असता.

तेव्हा सुरेखा पुढे आली.

"भाऊ, ही वेबसाईट कोणाची हाय?"

"काऊन?"

"माझा कागद तिच्यात टाकून राह्यले. तो जाते कुठी?"

"इंटरनेटवर जाते. पीडीएफ होऊन वापस येते."

"आन् तिथी राह्यते का पुसल्या जाते?"

प्रमोदभाऊ हसले. "तुझा रिपोर्ट ठेवून कोण लोणचं घालते वो?"

रांग हसली. मला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

"राहू द्या मंग," ती म्हणाली.

"पोरी, तारीख निघून जाईन," रामजीभाऊ म्हणाले.

वेबसाईटच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फाईल थोड्या वेळाने काढून टाकू. काढतात का, ते बघायला कोण जातं? लोकांचे आधार, जातीचे दाखले, पासबुकं, सगळं आम्ही रोज त्यात ओतत होतो. पैसे घेत नाही म्हणून वेबसाईट आपली, असं धरून चाललो होतो.

"हे मोबाईलमध्येच होते, भाऊ," मी म्हणालो. "वेबसाईटची गरज नाई."

"हो का इंजिनिअर? शिकव मंग सगळ्यायले, आन् दुकानाले कुलूप लाव."

मी उठलो. बापलेकींना घेऊन बाहेर पायरीवर बसलो. कागद सावलीत पण उजेडात सपाट ठेवले. रामजीभाऊंच्या मोबाईलने वरून सरळ फोटो काढले, कडा कापल्या. गॅलरीत तिन्ही फोटो क्रमाने निवडले. मेन्यूत 'प्रिंट' दाबणार, तेवढ्यात सुरेखाने माझा हात अडवला.

"बाबा, आधी डाटा बंद करा."

रामजीभाऊंनी मोबाईल घेतला. काच तडकलेली. त्यांनी डाटा बंद केला आणि मोबाईल माझ्याऐवजी तिच्या हातात दिला. मी सांगत गेलो, ती दाबत गेली. 'प्रिंट'. मग प्रिंटरच्या नावाच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ'. प्रत्येक मोबाईलमध्ये हे थोडं वेगळ्या ठिकाणी असतं, पण बहुतेकांत असतं. इंटरनेट बंद, आणि फाईल तयार. तीन पानं, कोणाचा छापा नाही. तिने दोनदा उघडून पाहिली.

मग डाटा सुरू केला. फाईल जिथे जायला हवी तिथेच, ऑफिसच्या पोर्टलवर गेली.

प्रमोदभाऊ दारात उभे राहून बघत होते. "उद्यापासून येऊ नको," म्हणाले. मी बरं म्हणालो. बाकीचं सगळं सायकलवर बसल्यावर सुचलं.

यातून शिकायचं ते एवढंच. काही फुकट मिळालं की आपला कागद कुठे चालला, ते आधी विचारा. लोक हसले तरी विचारा.

परीक्षा सुरू झाल्या. सुरेखाचं काय झालं, मला कळायला मार्ग नव्हता. मोहफुलं पडायला लागली तेव्हा बाजारात रामजीभाऊ दिसले, सायकलला पोतं बांधून.

"भाऊ, भेटला का जास्तीचा वेळ?"

"भेटला बापा, पण भांडून भेटला." त्यांनी सायकल उभी केली. "मंजूर झाल्याचा मेसेज मोबाईलवर आला होता. परीक्षेच्या सेंटरवाल्यायले मेल गेला, पण कोणी उघडलाच नाई. पहिल्याच पेपराले घंटा झाली आन् मॅडम पेपर ओढून राह्यल्या. पोरगी सोडे ना. सगळ्या वर्गासमोर म्हणे, मले सिकलसेल हाय, बोटं सुजून हायेत, तुमच्या मेलमध्ये माझी पीडीएफ पडून हाय, उघडून पाहा."

"मग?"

"मंग उघडली. पुरा पेपर लिवून उठली."

मी विचारलं, "गावात माहीत झालं असन आता?"

"झालं नं. काल दोघी पोरी घरी आल्या, आमच्याच गावच्या. आपापले रिपोर्ट वढनीत लपवून." रामजीभाऊ पोत्याची दोरी आवळत होते. "सुरेखानं त्यायले बसवलं, आन् आधी डाटा बंद करायले लावला."