पहिल्या नंबरचा मान

घरातल्या सर्व्हरच्या पोटात मी हौसेने चार आभासी कॉम्प्युटर चालवतो. पाचवा जोडला आणि घरभराचं इंटरनेट गेलं. तासाभरात बायकोची शिरपूरच्या एका शाळेतल्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती.

बायकोने फोन करून बोलावलेला केबलवाला आला. उकिडवा बसून, ताप बघावा तसा राउटरवर हात ठेवून त्याने माझं तांत्रिक व्याख्यान पूर्ण ऐकलं.

"भाऊ, नवाले नेटवर्कमा नंबर कितवा दिधा?"

"पहिला. नवा पाहुणा, मान नको?"

"तो राउटरना शे. जावई उना म्हणीसन सासराले घरबाहेर काढतस का?"

मी पाचव्याला दुसरा नंबर दिला, पहिला राउटरकडे परत गेला. इंटरनेट आलं. तो चहालाही थांबला नाही.

मुलाखतीत बायकोला विचारलं, अडचण आली तर काय करता?

ती म्हणाली, "जाणकाराला बोलावते आणि नवऱ्याला कशालाही हात लावू देत नाही."

तिला नोकरी लागली.