आधी बापानं पडायचं

प्लास्टरकाकांच्या घरची चूल लोकांच्या पडण्यावर पेटायची. दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी त्यांची खोली. डॉक्टर हाड बसवून निघून जायचे, मागची सगळी कारागिरी काकांची. आधी कापसाचं वेष्टण, मग कोमट पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या एकावर एक, आणि शेवटी तळव्यानं इस्त्री केल्यासारखा हात फिरवायचा. बुटांवर कायम पांढरे शिंतोडे. नर्सबाई त्यांना तोंडावर पांढऱ्या पायाचे म्हणायच्या. काका म्हणायचे, "माझे पाय पांढरे होतात म्हणून लोकांचे सरळ होतात."

हात कामात गुंतलेले, तोंड मोकळं. त्यामुळे समोर येईल त्याला काका एकच प्रश्न विचारायचे, "कसे पडलात?" आणि माणसं इतकी खुलून सांगायची की दुखणं विसरायची. कुणी शिडीवरून पडलेला, कुणी झोपेत पलंगावरून. एक गृहस्थ तर बायकोला 'तू पडशील, थांब' म्हणून स्वतः स्टुलावर चढले होते. शाळकरी पोरं असली की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठल्या क्लासला जातोस?" असं करत करत काकांच्या डोक्यात शहराचा एक वेगळाच नकाशा तयार झाला होता. बाकीच्यांना जिथं बाग, मैदान, हॉल दिसायचा, तिथं काकांना मनगट, कोपर आणि खांद्याचं हाड दिसायचं.

अशा माणसाला मुलगी असावी आणि तीही झोपाळ्यावरून पडावी, याला काय म्हणावं? गेल्या वर्षी शाळेत पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर काकांनीच घातलं. जन्मभर दुसऱ्यांचे हात बांधले, पण त्या दिवशी पट्टी पुन्हा पुन्हा सुटत होती. हाड मात्र छान जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता विसरून जा. हाड विसरलं, पोरगी काही विसरली नाही.

ती पळेनाशी झाली. मधल्या सुट्टीत मुली पकडापकडी खेळायच्या आणि ही दप्तरांजवळ राखणीला बसायची. कुणाच्या वाढदिवसाला गेली तरी खुर्चीवर, आज्यांच्या रांगेत. यात काकांचा वाटा काही कमी नव्हता. 'पळू नकोस', 'तिथं ओलं आहे', 'खाली बघून चाल' हा जप घरात अखंड चालू. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. काका तर नळाचं पाणीही फुंकत होते.

काकांची बायको पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर शिक्के मारून तिचं बोलणंही तसंच झालं होतं, एकदा ठप्प वाजलं की विषय संपला. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "अहो, हात जुळला पण पोरगी मोडलीय. कराटे म्हणा, ज्युदो म्हणा, कुठल्यातरी क्लासला घाला तिला. चार पोरांत अंगाला अंग लागू दे."

"बघतो," काका म्हणाले.

"बघतो नाही. घाला."

नकर्त्याचा वार शनिवार, तसे काका दर शनिवारी क्लास बघत फिरू लागले. बघणं कसलं, नापास करणं. मोठ्या काचांचा, बक्षिसांनी भरलेल्या कपाटांचा एक क्लास होता. तिथली मनगटं काकांनी स्वतः बांधली होती. मैदानातल्या क्लासच्या नावावर एक गळपट्टीचं हाड. तिसऱ्या ठिकाणी नाकं फुटायची. नाक काकांच्या खात्यात येत नव्हतं, पण तत्त्व म्हणून तोही बाद.

शेवटी रंगाच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांना हवा तसा क्लास सापडला. तिथून एकही मूल कधी काकांच्या टेबलावर आलं नव्हतं. आत जाऊन बघतात तर फरशी कोरडी, मुलं आरशासमोर हातभर अंतरावर उभी आणि सगळी हवेत ठोसे मारतायत. हवेला काही लागत नव्हतं, मुलांनाही नाही. काकांचा जीव भांड्यात पडला. त्याच दिवशी त्यांनी मुलीचं नाव घातलं आणि घरी येऊन सांगितलं, "निवडावा तर असा."

काही महिन्यांत पोरगी हवेत सुरेख लाथ मारू लागली. काका पाहुण्यांसमोर मारून दाखवायला लावायचे. मग शाळेत खेळाचा दिवस आला, आणि ही दप्तरांजवळच बसून राहिली.

रात्री जेवताना काकांनी विचारलं, "क्लास आवडतो ना गं तुला?"

"खूप," ती म्हणाली. "तिथं कुणी कुणाला हातच लावत नाही."

हे तिनं क्लासचं कौतुक म्हणून सांगितलं. काकांचा घास तोंडातच फिरत राहिला. त्यांनी अख्ख्या शहरातून शोधून शोधून पोरीसाठी दप्तरांजवळची जागाच आणली होती.

पुढच्याच आठवड्यात एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन प्लास्टरच्या खोलीत आली. आजींचं मनगट.

"कशा पडलात आजी?" काकांनी पट्टी भिजवत विचारलं.

"न्हाणीत घसरले. हात टेकवला," आजी म्हणाल्या. "ही गावभरच्या पोरांना पडायला शिकवते. आईला शिकवायचं राहिलं बघा."

बाई ओशाळून हसली. ती ज्युदो शिकवायची, वाचनालयामागच्या हॉलमध्ये. काकांचे हात थांबले. त्या हॉलमधून आलेलं पोर त्यांना आठवेना.

"तुमच्याकडे पण कुणी कुणाला हात लावत नाही का?" त्यांनी विचारलं.

"हात? उचलून आपटतात एकमेकांना. पण आधी कितीतरी दिवस नुसतं पडायचं. ते आलं की मगच बाकीचं." मग तिनं काकांकडे निरखून पाहिलं. "मूल आणायचंय का? माझी एक अट असते. आधी आई नाहीतर बाप पडतो, मग मूल."

"ते कशाला?"

"मुलं मुळात घाबरट नसतात हो. घरून घाबरून येतात."

काकांनी मान खाली घातली आणि आजींचं प्लास्टर फार मन लावून पुरं केलं.

शनिवारी काका मुलीला घेऊन वाचनालयामागे गेले. हॉलमध्ये जाड मॅट अंथरल्या होत्या आणि धपाधप आवाज चालू होता. प्रत्येक धपक्याला काका मनातल्या मनात एकेक हाड मोजत होते. मुलीनं त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत गच्च धरलेलं. बाईंनी काकांना बूट काढायला लावले, मॅटवर उकिडवं बसवलं. "हनुवटी छातीला, पाठ गोल, मागं जायचं आणि दोन्ही हात बाजूला आपटायचे. मागं टेकवायचे नाहीत."

हात टेकवल्यानं काय होतं हे काकांना कुणी सांगायची गरज होती का? त्यावरच तर त्यांची भाकरी होती. तरी ते मागं कलले मात्र, त्यांचा हात जाऊन मॅटवर टेकला.

"परत," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला ते तिरपे झाले आणि पोत्यासारखे कुशीवर लवंडले. खिशातली किल्ली उडून पलीकडे पडली. पोरं खिदळली. काकांची मुलगीही हसली, आधी लाजून, मग पोट धरून. शर्टाचं टोक तिच्या मुठीतून केव्हाच सुटलं होतं.

"बाबा, हनुवटी," ती म्हणाली. "हनुवटी आत घे ना. हे बघ, ती मुलगी घेते तशी."

आणि दाखवायला म्हणून ती शेजारी उकिडवी बसली, हनुवटी आत घेतली आणि मागं गेली.

धप्प.

काका उठायला धडपडले. बाईंनी त्यांची बाही धरली. मुलगी उताणी पडून छताकडे बघत होती, दोन्ही हात बाजूला पसरलेले, तोंड उघडं. काकांना वाटलं, संपलं. सगळं परत पहिल्यापासून. आपणच हिला इथं आणलं.

"बाबा," ती पडल्या पडल्या म्हणाली, "तू बस की खाली. मला परत पडायचंय."

काकांना हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडूही आलं. वर्षभर छातीवर घेऊन हिंडलेलं ओझं असं उतरलं की अंगच हलकं वाटू लागलं. इतक्या लोकांसमोर डोळे पुसायची त्यांना जराही लाज वाटली नाही. ते तिथंच मॅटवर मांडी घालून बसले, आणि त्यांची पोरगी पडत राहिली.