दसऱ्याचं ऑइल

‘ती घटना आजही आठवते’ असं लिहायची आम्हा निवृत्तांना खोडच असते. ही घटना मात्र मी विसरून पाहिली. जमलं नाही.

भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन काही वर्षं झाली होती. मी लाखांदूर तालुक्यात ठाणेदार होतो. धानकापणीचे दिवस. दिघोरीकडच्या एका रस्त्यावर, तलावाच्या पाळीवरून उतरताना एका पिकअपवरचा ताबा सुटला. मागे मळणी यंत्र जोडलेलं होतं. शेतातून घरी परतणारी एक मजूर बाई यंत्राखाली सापडून जागीच गेली.

चालक पळाला नाही. आम्ही पोचलो तेव्हा तो डोकं धरून तिच्याजवळच बसला होता. पंचनामा केला, यंत्रासकट गाडी ठाण्यात आणली. जबाबात त्याचं एकच पालुपद. “माझीच गलती हाये सायेब. मालकाले न इचारता मशीन जोडलं.”

गाडी आणि यंत्र, दोन्ही एकाच मालकाची. तो न बोलावता आला. “गाडी फक्त भाजीपाल्याची हाये सायेब. कोणालेही इचारा, पोरावानी जपतो. यंदा दसऱ्याले पूजा करून ताजं ऑइल टाकलं.” इकडे बरेच मालक असंच करतात. दसऱ्याला गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा आणि वर्षाचं ऑइल त्याच दिवशी बदलायचं. मी तेही जबाबात घेतलं. माणूस स्वतःचं कौतुक करू लागला की त्याला थांबवू नये.

चालकाला जामीन झाला. त्याला न्यायला आलेल्या बायकोने पायरीवरच मला गाठलं. “जेल झाली तं हे एकलेच जातीन का जी?” कागदावर तरी तसंच दिसत होतं.

मग गावचा पोलीस पाटील आला. चहा संपेपर्यंत हवापाण्याचं बोलला आणि उठता उठता म्हणाला, “ते गाडी दसऱ्यापासून मशीनच ओढून राहिली हाये. पण सायेब, गावात कोणी बोलनार नाही. साऱ्याइचं धान त्याच्याच मशीनवर निंगते.”

भंडाऱ्याहून मोटार वाहन निरीक्षक तपासणीला आले, तेव्हा मी त्यांना इंजिनचं ऑइलही काढायला लावलं. डिझेल गाडीचं ऑइल काळं होतंच, त्याने काही सिद्ध होत नाही, असं ते आधीच म्हणाले. पण हे ऑइल जळकं होतं, पाण्यासारखं पातळ झालं होतं आणि बोटांवर धातूचा बारीक कीस चमकत होता. क्लचप्लेटही जळालेली. मागचा हूक वेल्डिंग करून बसवलेला. ते म्हणाले, “ब्रेक चांगले आहेत. पण हौद्यातला माल चाकांवर बसतो. मागे ओढलेलं वजन उतारावर गाडीलाच ढकलतं. एवढं ओझं या गाडीला झेपणारंच नव्हतं. आणि दसऱ्याला टाकलेल्या ऑइलची एवढ्यात ही दशा भाजीपाल्याने होत नाही.”

मालकाला पुन्हा बोलावलं. त्याच्या जबाबातली दसऱ्याची ओळ वाचून दाखवली आणि बाटलीतलं ऑइल समोर ठेवलं. त्याने बाटली बाजूला सारली.

“मंग ड्रायव्हरनंच चोरून ओढलं असन.”

“इतके दिवस? तुमच्याच अंगणातून, तुमचंच यंत्र?”

त्याने पाणी मागितलं. कबुली काही दिली नाही. मशीन ओढलं जात होतं एवढं ऑइलने सांगितलं होतं. पाठवलं कोणी, हे माणसानेच सांगायला हवं होतं.

मी मृत बाईच्या नवऱ्याकडे गेलो. त्याच्या शेतात कापलेल्या धानाचं पुंजणं रचलेलं होतं, आभाळ भरून आलं होतं. “मले काई मालूम नाई,” एवढंच तो म्हणाला. मला त्याचा राग आला. ज्याची बायको गेली तोच गप्प बसला, तर मी कोणासाठी उन्हातान्हात फिरत होतो?

हंगाम असल्याने कोर्टाने यंत्र मालकाला सुपूर्दनाम्यावर परत दिलं. आता ते ट्रॅक्टरमागे गावभर फिरू लागलं. आमचा तपास तिथेच अडकून पडला.

मग एका दुपारी तो नवरा ठाण्यात आला. केसांत, भुवयांत, कानांत धानाचा भुसा. घरी जाऊन आंघोळही केली नव्हती.

“लिवा सायेब. त्या दिवशी मालक मायाच धानाच्या बांधीत उभा होता. ‘उतारावर मशीन आवरत नाही,’ ड्रायव्हर म्हने. मालक म्हने, ‘मुकाट्यानं ने, नाई तं चाबी ठेव.’ म्या माया कानानं आयकलं.”

“काहून नाही सांगितलं इतके दिवस?” माझ्याही तोंडून त्याचीच बोली निघाली.

“धान चुरायचं होतं जी. पानी आलं असतं तं पोराइले काय खाऊ घातलो असतो? आज चुरनं झालं.”

ज्या यंत्राखाली बायको गेली, त्याच यंत्रावर त्याने धान मळून घेतलं होतं आणि तिथून तो सरळ ठाण्यात आला होता. अंगठा उमटवताना भुसा कागदावर पडला. तो मी झटकला, पण माझ्याने त्याच्याकडे बघवेना.

मालक सहआरोपी झाला. चालकाच्या बायकोला मी एवढंच सांगू शकलो की तो एकटा जाणार नाही. तिने मान हलवली. आनंद होण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

त्यानंतर कितीतरी साक्षीदार माझ्यासमोर गप्प बसले. मी त्यांच्यावर ओरडणं सोडून दिलं. याचं धान कोणाच्या मशीनसाठी थांबलंय, एवढंच आधी शोधायचो.