टाकीचं लंघन

वाढपीकाकांच्या घरून उपाशी गेलेला पाहुणा कुणी पाहिलेला नाही. पोट धरून गेलेले मात्र पुष्कळ. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला, तर काका बोटांच्या फटीतून वाढत. नाव पडलं ते त्यावरूनच. काकू बिचाऱ्या निरोप देताना पाहुण्याच्या हातात पाचक गोळ्या ठेवत.

असल्या माणसाला पालिकेने नेमावं कुठे? तर कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या टाकीवर! शहर नुसतं फोफावत होतं; काल मोकळं रान, तिथे आज सात मजले आणि मजल्यागणिक कचरा. आजवर काका कचऱ्याच्या गाडीमागे लोंबकळत. आता खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता. भाजीची देठं, उष्टं-खरकटं यंत्रात दळायचं आणि टाकीला भरवायचं. ते आत कुजून गॅस होणार आणि नळीने शेजारच्या खानावळीच्या शेगडीत जाणार. महिनाअखेरीस मोठे साहेब शेगडी बघायला येणार होते. पेटली तर टाकी कायम, काकाही कायम. नाहीतर पुन्हा गाडीमागे लोंबकळणं आलंच.

साहेब येणार म्हटल्यावर काकांच्या अंगात यजमान संचारला. ठरलेली घमेली संपली तरी हात थांबेना. "घे गं बाई, एवढंसंच आहे." सरबतवाल्याने लिंबाच्या सालांची पोती आणून टाकली, तीही तोंडाला चव म्हणून आत गेली.

झालं! शेगडी फुसफुसली आणि गप्प बसली. टाकीला असा आंबट वास सुटला की कुत्रीसुद्धा रस्ता बदलून जाऊ लागली.

"आंबलीय ती," पालिकेच्या इंजिनिअरबाई फोनवर म्हणाल्या. "चुना कालवून घाला. आणि मी सांगेपर्यंत खाणं पूर्ण बंद."

"पूर्ण? निदान थोडा मऊ भात..."

"काका!"

घरी आल्यावर काकांनी ताट बाजूला सारलं. "ती तिकडे उपाशी, आणि मी इथे जेवू?"

"माझ्या आईला तुमच्या आग्रहापायी सलाईन लागलं, तेव्हा बरे दोनदा जेवलात!" काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी दळायच्या यंत्राला कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोचली आणि काकांच्याच खुर्चीत, त्यांच्याच पंख्याखाली ठाण मांडलं. रोज तोच पहारा. काका हात पाठीमागे बांधून टाकीभोवती घिरट्या घालत.

"हातात काय आहे?"

"केळ्याचं साल. एकच."

"ठेवा खाली."

पुढे बाईंनी परवानगी दिली, तेव्हा काकूंनी औषधासारखं मोजूनमापून भरवायला सुरुवात केली. काकांना बघवेना.

अखेर साहेब आले. आचाऱ्याने काडी ओढली. फुस्स झालं. काकांनी डोळे मिटले. उघडले तर शेगडीवर निळी ज्योत फेर धरून नाचत होती!

त्याच ज्योतीवर चहा झाला. साहेबांनी एक कप घेतला आणि दुसरा नको म्हणून कपावर हात धरला. काकांची किटली सवयीने बोटांच्या फटीवर तिरकी झाली.

"अहो!" खुर्चीतून आवाज आला.

जन्मात पहिल्यांदा किटली न ओतता सरळ झाली.

"टाकी कायम," साहेब हसून म्हणाले. "आणि काकाही."

काकूंनी कमरेची किल्ली चाचपली.

"आणि ही माझ्याकडे कायम."