साडेअकरा आटे

कडूबा फिटर आता काम करत नाही. सकाळी वसतिगृहाच्या आवारात येतो, पंपाजवळच्या दगडावर बसतो आणि दम खातो. माझे घर कुंपणाला लागून आहे, त्यामुळे येता-जाता दिसतो. मंठ्याच्या आसपास किती विहिरींवर पंप बसवले, हे त्यालाही सांगता येणार नाही. एक पंप मात्र तो विसरलेला नाही.

१९८७चा मार्च होता. पावसाने पाठ फिरवलेली, आणि मुलींच्या वसतिगृहाचा पंप जळाला. माझे यजमान भालचंद्रराव संस्थेचे चिटणीस होते. परदेशातून देणगीत आलेला एक नवा पंप पेटीतच पडून होता. तो बसवायचे ठरले. विहिरीचे पाणी इतके खोल गेले होते की साठ मुलींना शेंदून पुरले नसते. शनिवारपर्यंत पंप सुरू झाला नाही तर मुलींना घरी पाठवायचे, असे संस्थेने सांगून टाकले.

त्या साठांत कडूबाची पुतणी नंदा होती, आठवीत. तिच्या बापाला, कचरूला, तिचे शिकणे मान्य नव्हते. कडूबानेच भांडून तिला इथे आणले होते. कचरूने बजावले होते, "शिकव तुला शिकवायची तर. पर मधीच घरी आली, तर मंग मी परत धाडणार न्हाई."

शुक्रवारी कडूबा सूत, सफेदा आणि मोठा पाना घेऊन आला. दोन इंची पाइप पंपाच्या तोंडाला लावला. दोन-अडीच फेरे हाताने सहज गेले आणि पाइप अडला. आमच्याकडच्या फिटरांचे एक ठरलेले असे: दोन फेरे हाताने बसले, की उरलेले पाना बघून घेतो. गळेल तिथे सूत गुंडाळायचे, वर सफेदा थापायचा.

"आटे जुळत नाहीत का रे?" यजमानांनी विचारले.

"जुळतेत साहेब. नवी नवरी हाय, लाजून राह्यली."

त्याने सूत आणखी दाट गुंडाळले, पान्याच्या दांड्यावर नळीचा तुकडा चढवून तो लांब केला आणि अंगाचा सगळा भार टाकला. झालेला आवाज अगदी बारीक होता. पंपाच्या बिडाच्या तोंडाला उभी चीर गेली होती.

स्वयंपाकीण झुंबरबाई तेवढी म्हणाली, "लाजली न्हाई बाबा, रुसली तुझी नवरी."

सोमवारी तो पंप घेऊन जालन्याला गेला. यजमानही बरोबर होते. लेथवाल्याने आटे मोजायची पत्र्याची फणी लावून दाखवली. आपल्या पाइपाला इंचात अकरा आटे, त्या पंपाला साडेअकरा. आट्यांचा कोनही निराळा. दोन फेरे फरक लपतो, पुढे आटा आट्यावर चढतो. एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते आटे असलेला जोडतुकडा, शुक्रवारीच इथे आले असते तर, अर्ध्या दिवसात लेथवर निघाला असता. कडूबाने फणी स्वतः पुन्हा पुन्हा लावून पाहिली.

"चुलतभाऊ दिसतेत," एवढेच तो म्हणाला.

तोवर वसतिगृह रिकामे झाले होते. नंदाची पत्र्याची पेटी त्यानेच एस.टी.च्या टपावर चढवली होती. पाण्याची सोय होऊन जूनमध्ये मुली परत आल्या, ती आली नाही. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले.

पुढे कडूबा प्रत्येक जोड आधी नुसत्या बोटांनी फिरवून पाही. अडला की पाना पिशवीत. गिऱ्हाईक वैतागे, "आता रे?" "जालन्याला जाऊन येतो," कडूबा म्हणे, आणि खरेच जाई. त्यात त्याची बरीच कामे दुसऱ्यांकडे गेली.

झुंबरबाई थकल्यावर स्वयंपाकाला नंदा आली. पंपाचे बटण सकाळी तीच दाबते.

"काका, चहा थंडा होऊन राह्यला."

"गळतंय का?"

"न्हाई हो. रोज काय इचारता!"

तरी तो गुडघ्यावर हात टेकून उठतो, जोडाखाली तळहात धरतो. हात कोरडाच निघतो. तो धोतराला पुसून कडूबा पुन्हा दगडावर बसतो, आणि नंदा भांडी घासायला आत जाते.